एलीची चूक

धर्मगुरू हा बोलणारा माणूस, असा आपल्या समाजाचा समज आहे. वेदीवर तो बोलतो, घरभेटीत तो बोलतो. बाप्तिस्म्यापासून दफनविधीपर्यंत जेथे चार माणसे जमतात तेथे पहिला आणि शेवटचा शब्द त्याचाच असतो. गुरुविद्यालयात आम्हांला उपदेश कसा करावा हे शिकविले गेले. ऐकावे कसे, याचा स्वतंत्र तास नव्हता. पापनिवेदनाच्या वेळी ऐकावे लागते हे खरे. परंतु तेथेही माणूस शब्दांत बोलतो, आणि शब्दांना उत्तर देणे आम्हांला येते. शब्दांवाचून जे बोलले जाते ते ऐकण्याची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही नापास झालो. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर हे आमच्या ध्यानात आले, आणि ते आणून दिले एका अमेरिकन सॅक्सोफोनवादकाने, जो आमच्या जन्मापूर्वीच वारला होता. ही हकीकत काहींना विनोदी वाटण्याचा संभव आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाताना वाटेत मोताळा लागते. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर जगणारा हा तालुका. जवळच नळगंगेचे धरण. आगगाडीसाठी मलकापूर गाठावे लागते. संध्याकाळी कोठून तरी टाळमृदंगाचा आवाज येतो, लग्नसराईत बँडचा येतो. ख्रिस्ती घरे मोजकी, त्यामुळे प्रत्येक घरातील सुखदुःख आम्हांला ठाऊक असते, निदान तसा आमचा समज होता. गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पुण्याहून रजेवर आला होता. संगणकाच्या क्षेत्रात नोकरी, वाचनाचा आणि संगीताचा नाद. एका संध्याकाळी वीज गेली असता तो मोबाईल आणि मुठीएवढा स्पीकर घेऊन आमच्या ओसरीवर आला.

“फादर, तुम्हांला एक ऐकवायचं आहे. तेहतीस मिनिटं लागतील.”

“काय आहे?”

“जॅझ.”

आम्ही हसलो. “उपवासकाळात जॅझ? ईस्टर होऊ दे, मग आण.”

“नाही फादर. ही प्रार्थना आहे. अख्खी रेकॉर्डच प्रार्थना आहे.”

“गातं कोण?”

“कुणी नाही. सॅक्सोफोन आहे.”

“बाळ, प्रार्थनेला शब्द असतात,” आम्ही म्हणालो. आमच्या आवाजात त्या वेळी असलेली खात्री आम्हांला आजही आठवते आणि आठवली की संकोच वाटतो. त्याने वाद घातला नाही. फक्त बटण दाबले.

प्रथम एक घंटानाद झाला, आपल्याकडे थाळीवर टोला मारावा तसा. मग सॅक्सोफोनची एक मोठी हाक. ती विरते न विरते तोच मोठ्या उभ्या व्हायोलिनसारख्या दिसणाऱ्या बास नावाच्या वाद्यावर चार स्वरांची एक लहानशी ओळ सुरू झाली. इतकी साधी की लहान मुलालाही गुणगुणता यावी. पुढे सॅक्सोफोनने ती चार स्वरांची ओळ उचलली आणि एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत, दुसरीतून तिसरीत अशी नेऊ लागला. जणू एखादा माणूस हरवलेली वस्तू घरातल्या प्रत्येक खोलीत शोधतो आहे. मग काही मानवी आवाज आले आणि रेकॉर्डचे नाव, ‘अ लव्ह सुप्रीम’, म्हणजे ‘सर्वश्रेष्ठ प्रीती’, तेवढेच शब्द जपासारखे पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. येथवर आम्ही त्याच्यासोबत होतो. यापुढे मात्र आमची वाट सुटली. ड्रम गडगडू लागले, पियानो धावू लागला, सॅक्सोफोन कधी किंचाळल्यासारखा, कधी घसा बसल्यासारखा वाजू लागला. आम्ही दोनदा घड्याळ पाहिले. शेवटी सारे शांत झाले तेव्हा आम्ही “छान आहे” असे म्हणालो. मुलाला त्याचा अर्थ बरोबर कळला. जाताना त्याने स्पीकर आणि एक जुना मोबाईल आमच्या टेबलावर ठेवला. सोबत स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलेला एक कागद. “रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यानं हे छापलं होतं, फादर. चौथा भाग ऐकताना एवढं समोर धरा.”

त्या रात्री उकाड्याने झोप येईना. आपण त्या मुलाला का हसलो, हा प्रश्न मनात घोळू लागला. खरे कारण संगीताचे नव्हते, नावाचे होते. जॅझ म्हटले की रात्रीची हॉटेले, दारू, नाच हे चित्र आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हे चित्र अगदी खोटे आहे असेही नाही. पण त्या चित्रात आपलीच माणसे बसली आहेत, हे आपण विसरतो. गोव्यात देवळाला जोडलेल्या शाळांतून मुलांना मिस्सेसाठी स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ती मुले पोटासाठी मुंबईस आली. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवू लागले, तेव्हा त्यांचे संगीत या गोमंतकीय मुलांनी कानांत साठविले. अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांपैकीच एक. मुंबईने त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांच्या १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात त्याचा वाटा होता. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यमेळ रचणारे सेबास्टियन डिसोझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे अँथनी गोन्साल्विस, ही सारी आपल्याच देवळांच्या गायनमंडळांच्या सावलीत वाढलेली माणसे. मोताळ्याच्या लग्नात बँडवाला जेव्हा ‘अलबेला’ची गाणी वाजवितो, तेव्हा या गावाने जॅझ नकळत ऐकलेलेच असते. शनिवारी रात्री हॉटेलात वाजविणारा हात रविवारी सकाळी देवळात व्हायोलिन धरीत असे. आणि आपण मात्र त्या हाताकडे रविवारीही शनिवारच्याच नजरेने पाहत आलो.

ही नजर केवळ आपली नव्हती. १९०३ साली, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, परमगुरुस्वामी दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात मंदिरात पियानो आणि ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्ये वर्ज्य ठरविली होती. त्या काळी नाटकगृहातील संगीत उपासनेत घुसत होते. आज्ञेला कारण होते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज स्वीकारला, त्यात ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्यास योग्य ठरतील अशा इतर वाद्यांनाही दार उघडून दिले आणि मिशन प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांचा आदर करावयास सांगितले. आम्ही त्या रात्री ऐकलेली रेकॉर्ड ९ डिसेंबर १९६४ रोजी, म्हणजे बरोबर एक वर्ष आणि पाच दिवसांनी, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका संध्याकाळच्या बैठकीत ध्वनिमुद्रित झाली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी दार उघडले गेले आणि लवकरच कोणीतरी दाराबाहेर येऊन उभे राहिले, असे आम्हांला वाटून गेले.

कोण होता हा माणूस? जॉन कोल्ट्रेन याचा जन्म १९२६ साली नॉर्थ कॅरोलिनामधील हॅम्लेट या गावी झाला. त्याचे दोन्ही आजोबा कृष्णवर्णीय मेथडिस्ट मंडळीचे धर्मसेवक होते. मोठा वादक म्हणून नाव होऊ लागले असतानाच तो हेरॉइन आणि दारू यांच्या आहारी गेला, इतका की १९५७ साली माइल्स डेव्हिस या प्रख्यात वादकाने त्याला आपल्या ताफ्यातून काढून टाकले. त्याच वर्षी तो व्यसनांतून सुटला. देवाच्या कृपेने आपल्याला नवे जीवन मिळाले, अशी त्याची श्रद्धा होती आणि सात वर्षांनी त्याने या रेकॉर्डच्या वेष्टनावर ती उघडपणे लिहून ठेवली. त्याची पत्नी ॲलिस पुढे सांगत असे की, ही रचना मनात पुरी झाल्यावर तो माडीवरून असा खाली आला जसा मोशे डोंगरावरून उतरला. भारतीय संगीताची त्याला ओढ होती. पंडित रविशंकरांविषयीच्या आदराने १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने ‘रवी’ ठेवले. १९६७ साली, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, तो यकृताच्या कर्करोगाने वारला. तो कॅथलिक नव्हता, आणि त्याची श्रद्धा आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात नीट बसेल असेही नाही. पण कृतज्ञता म्हणजे काय हे त्याला कळले होते, याविषयी आम्हांला शंका नाही.

त्याच्यासोबत तिघे जण वाजवीत होते: पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रमवर एल्विन जोन्स. रेकॉर्डचे भाग चार. त्यांची नावे मराठीत आणायची तर ‘कबुली’, ‘निश्चय’, ‘अनुसरण’ आणि ‘स्तोत्र’ अशी होतील. पापनिवेदनाला बसणाऱ्या कोणाही माणसाला हा क्रम ओळखीचा वाटावा. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही तो कागद समोर धरला, कंदिलाची वात वर केली आणि चौथा भाग लावला.

कागदावर कोल्ट्रेनने लिहिलेली एक प्रार्थनाकविता होती. देवाची स्तुती आणि देवाचे आभार, यापलीकडे तिच्यात फारसे काही नाही. आपल्या एखाद्या आजीने सुचतील तशा शब्दांत म्हणावी तशी ती साधी आहे. या भागात ताल जवळजवळ नाहीच. ड्रम दूरवरच्या मेघांसारखे घुमतात आणि त्यांच्यावर सॅक्सोफोन सावकाश चालत राहतो. पहिल्या ओळीवर बोट ठेवले, आणि काही क्षणांतच आमचे बोट थबकले. सॅक्सोफोन कागदावरचे शब्द म्हणत होता. जितकी अक्षरे तितके स्वर. शब्द लांब असेल तेथे स्वर लांब, ओळ संपे तेथे श्वास. जेथे जेथे देवाचे आभार येत, तेथे तेथे स्वर खाली उतरून त्याच एका जागी विसावत, आपले गायक षड्जावर येऊन विसावतात तसे. लुईस पोर्टर नावाच्या संगीत-अभ्यासकाने हे नाते अक्षर आणि स्वर समोरासमोर मांडून दाखविले आहे, असे मागाहून त्या मुलाकडून कळले. स्वतः कोल्ट्रेननेही वेष्टनावर तशी सूचना करून ठेवली होती. संध्याकाळी ज्याला आम्ही गोंधळ म्हटले, तो एक माणूस आमच्या समोर बसून अक्षरशः प्रार्थना म्हणत होता. शब्द होते. ते ऐकण्याची तयारी आमच्या कानांत नव्हती, एवढेच.

येथे ही हकीकत संपली असती, तर ती संगीताची एक गोष्ट म्हणून सांगता आली असती. पण कंदिलाच्या उजेडात त्या कागदावर बोट ठेवून बसलो असताना आम्हांला एक चेहरा आठवला, आणि मग पहाटेपर्यंत झोप आली नाही.

आमच्या धर्मग्रामात सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. काही महिन्यांनी मुलगा त्यांना धरून रविवारच्या मिस्सेला आणू लागला. मिस्सा चालू असताना त्यांच्या तोंडून आवाज येत: कधी बारीक, कधी मोठे, शब्द नसलेले. लहान मुले मागे वळून पाहत, काही हसत. ख्रिस्तशरीर उंच करण्याच्या शांत क्षणी एकदा तो आवाज घुमला आणि दोन-तीन कुटुंबे मिस्सेनंतर आम्हांला येऊन भेटली. त्यांची तक्रार उर्मट नव्हती. मुलांचे लक्ष विचलित होते, एवढेच त्यांचे म्हणणे. आम्ही मुलाला बाजूला घेतले आणि अत्यंत मृदू आवाजात म्हणालो, “आईंना एवढ्या उन्हात कशाला त्रास? आम्हीच दर पहिल्या शुक्रवारी घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन येत जाऊ.” मुलाने मान खाली घातली आणि आमचे आभार मानले. त्या रविवारपासून मावशी मंदिरात आल्या नाहीत. आम्ही शुक्रवारी जात असू, ख्रिस्तप्रसाद देत असू, पाच मिनिटांत परतत असू. आपण एका आजारी बाईवर उपकार करीत आहोत, अशी आमची समजूत होती. तिला मंदिरातून बाहेर काढण्याच्या कृत्याला आम्ही सेवेचा अंगरखा घातला होता.

वाचकांना शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय आठवत असेल. शिलो येथील मंदिरात हन्ना रडत प्रार्थना करीत आहे. तिचे ओठ हलतात, पण आवाज ऐकू येत नाही. दाराच्या खांबाशी बसलेला एली याजक तिचे तोंड निरखीत असतो, आणि ती दारू प्यायली आहे असे ठरवून तिला दटावतो. गुरुविद्यालयात असताना आम्ही एलीला हसलो होतो. आज वाटते, एली काही दुष्ट नव्हता. सणासुदीच्या दिवशी मंदिराच्या आवारात झिंगलेली माणसे त्याने पाहिली असतील. मंदिराचे पावित्र्य राखणे हे त्याचे काम होते. त्याची चूक एकच: जे आपल्याला समजले नाही, त्यात समजण्यासारखे काही नाहीच, असे त्याने विचारण्यापूर्वी ठरविले. पेंटेकॉस्टच्या दिवशीही असेच घडले. पवित्र आत्म्याने भरलेल्या शिष्यांचा आवाज ऐकून काहींनी ते नव्या द्राक्षारसाने झिंगले आहेत असे म्हटले. प्रार्थना आणि नशा यांतला फरक दुरून पाहणाऱ्याला नेहमीच कळतो असे नाही. उलट जखऱ्या याजक मुका होऊन मंदिराबाहेर आला, तेव्हा बाहेरचे लोक त्याची वाट पाहत थांबले होते. त्याच्या खुणांवरून याला काही दर्शन घडले आहे हे त्यांनी ओळखले. तेच मौन, पण एका ठिकाणी याजक चुकला आणि दुसऱ्या ठिकाणी साध्या लोकांना बरोबर कळले, कारण ते थांबले.

आणि येथे एक भेद आहे, जो आम्हांला सर्वांत अधिक बोचतो. हन्नाला बोलता येत होते. तिने एलीला उत्तर दिले, आपण आपला जीव देवापुढे ओतीत आहोत असे सांगितले, आणि एलीनेही मान्य करून तिला आशीर्वाद दिला. त्याची चूक त्याच घटकेला दुरुस्त झाली. आमच्या मावशींना उत्तर देता येत नव्हते. ज्याला बोलता येते त्याच्याविषयीचा आपला गैरसमज तो स्वतः दूर करू शकतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्याविषयीचा गैरसमज जसाच्या तसा राहतो आणि कालांतराने त्यालाच सत्य म्हणू लागतात. म्हणून आम्हांला असे वाटते की, समोरचा जितका मुका, तितके अधिक ऐकण्याचे कर्तव्य आपल्यावर येते. जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही, त्याची बाजू शोधण्याचा भार ऐकणाऱ्याने उचलला पाहिजे. हे दयेचे काम नव्हे, न्यायाचे आहे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते योग्य आहेत. पहिला असा की, मग कोणत्याही आवाजाला प्रार्थना म्हणायचे काय? तसे मुळीच नाही. शब्दांची किंमत आम्ही कमी करू इच्छित नाही. आपली उपासना समान शब्दांवर उभी आहे. त्याच शब्दांमुळे मोताळ्याचा शेतकरी आणि रोमचा कार्डिनल एक प्रार्थना करू शकतात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लिश जेझुइटाने परक्या देशातून येऊन मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले, ते शब्दांवरील प्रेमानेच. कोल्ट्रेननेही शब्दांचा त्याग केला नाही. त्याने आधी लिहिले, मग वाजविले. शब्द अगोदर त्याच्या आत मुरले होते, म्हणून ते वाद्यातून बाहेर आले. पारख हवीच, पण ती ऐकल्यानंतर करावयाची असते, ऐकण्याऐवजी नव्हे. संत ऑगस्टीन यांनी स्तोत्रांवरील आपल्या प्रवचनांत शेतात कापणी करणाऱ्यांचा दाखला दिला आहे. ते लोक प्रथम शब्दांचे गाणे म्हणतात, आणि मग आनंद शब्दांत मावेनासा झाला की शब्द सोडून नुसता सूर लावतात. देव शब्दांपलीकडचा आहे. त्याच्याविषयी बोलता येत नाही आणि गप्पही राहवत नाही, तेव्हा हा सूरच उरतो, असा त्यांचा आशय आहे. संत पौलही रोमकरांस लिहितात की, काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे वाक्य आम्ही आजवर कितीदा उपदेशात वापरले असेल! समोरच्या बाकावर कोणी खरोखर कण्हले, तेव्हा मात्र आम्ही त्याला घरी पाठविले.

दुसरा आक्षेप मंडळीच्या शांततेचा. मिस्सेतील ती शांतता सर्वांची आहे. एकामुळे ती सर्वांनी का गमवावी? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पण दोन्ही पारड्यांत काय पडते ते पाहावे. मावशींचा आवाज सोसायचा तर तो भार साठ-सत्तर माणसांत वाटला गेला असता, प्रत्येकाच्या वाट्याला थोडी अडचण आली असती. मावशींना घरी ठेवल्याचा भार मात्र एकटीवर पडला, आणि तिच्यापासून तिची मंडळीच हिरावली गेली. जी शांतता एका माणसाला दाराबाहेर ठेवून मिळते ती प्रार्थनेची शांतता असते काय, याचा विचार आपण सर्वांनी करावा. आम्ही स्वतःला त्यातून वगळत नाही. निर्णय आमचाच होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी आम्ही त्या घरी गेलो. संध्याकाळची जपमाळ चालू होती. सून म्हणाली, “बसा फादर, आत्याबाईंचं होऊ द्या.” आम्ही विचारले, “त्या म्हणतात?” “रोज म्हणतात की. आम्हांला कळतं कुठं काय आहे ते.” आम्ही भिंतीशी बसलो आणि प्रथमच ऐकले. डाव्या हातात मणी धरून मावशी आवाज काढीत होत्या. शब्द एकही नव्हता. पण आवाज वर चढे, थोडा रेंगाळे, दोनदा लहान हेलकावे घेई आणि मग खाली येई. आणि तो खाली येताना दर वेळी त्यांची मान लवे. पाचव्या-सहाव्या मण्याला आमच्या ध्यानात आले: ते ‘नमो मरिया’चे पूर्वार्ध होते आणि मान लवत होती ती प्रभू येशूच्या नावाशी. आवाज थांबला की नातवंडे उत्तरार्ध म्हणत, एकही चूक न करता. दोन वर्षे त्या घरात जपमाळ मावशीच सांगत होत्या. घरातील पाचवीतल्या मुलीला जे ऐकू येत होते, ते तीस वर्षांच्या पौरोहित्याला ऐकू आले नव्हते.

बुलढाण्याच्या एका डॉक्टरांना आम्ही हे सांगितले, तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. बहुतेक माणसांच्या मेंदूत भाषेचे काम मुख्यतः डाव्या भागात चालते. तेथे इजा झाली की उजवे अंग आणि वाचा दोन्ही जातात, पण सूर आणि लय पुष्कळदा शाबूत राहतात. बोलता न येणारा रुग्ण कधी कधी गाऊ शकतो, आणि त्याचा उपयोग करून उपचारही केले जातात. वैद्यकाला हे ठाऊक आहे. आम्हांला ते आमच्याच पवित्र शास्त्रातून ठाऊक असावयास हवे होते.

आम्ही मावशींची क्षमा मागितली. त्यांनी आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग तोंड भिंतीकडे वळविले. याचा अर्थ काय घ्यावा हे आम्ही ठरविलेले नाही. घाईने अर्थ काढण्याची सवय सोडण्याचा आमचा प्रयत्न आहे. मुलाला आम्ही सांगितले की, पुढच्या रविवारी आईंना आणावे, पहिल्या बाकावर बसवावे. रविवारच्या उपदेशात मंडळीसमोर आमची चूक नाव न घेता सांगितली. तक्रार केलेल्या कुटुंबांपैकी एकाने मिस्सेनंतर हात धरला, एकाने धरला नाही. मावशी अद्याप मंदिरात आलेल्या नाहीत. सून म्हणते, त्यांना लाज वाटते. ही लाज आम्ही त्यांना दिली आहे, आणि ती परत घेणे देण्याइतके सोपे नाही. आता दर शुक्रवारी आम्ही पाच मिनिटांऐवजी पाऊण तास बसतो. जपमाळ मावशी सांगतात, आम्ही नातवंडांसोबत उत्तर देतो.

पुण्याच्या त्या मुलाने परवा फोनवर विचारले, “फादर, रेकॉर्ड आवडली का?” खरे सांगायचे तर दुसरा आणि तिसरा भाग आम्हांला अजूनही अवघड जातो. तसे आम्ही त्याला सांगितले, आणि आणखी दोनदा ऐकू असेही सांगितले. त्याने मेरी लू विल्यम्स या कृष्णवर्णीय पियानोवादक बाईंविषयीही आम्हांला सांगितले. १९५७ साली त्या कॅथलिक झाल्या, संत मार्टिन दे पोरेस यांच्या सन्मानार्थ त्यांनी जॅझमध्ये स्तोत्र रचले, आणि १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक महामंदिरात त्यांच्या जॅझ-मिस्सेची उपासना झाली. तेही ऐकणार आहोत. परंतु वाचकांनी जॅझ ऐकावे असा आमचा आग्रह नाही. आपल्या घरात, शेजारात कोणीतरी असेल ज्याचे बोलणे आपण ऐकणे सोडून दिले आहे: तोतरे बोलणारे पोर, त्याच त्या गोष्टी सांगणारे म्हातारे आजोबा, रागाने दार आपटणारा मुलगा, स्वयंपाकघरात मुकाट काम करणारी सून. आज रात्री जपमाळेपूर्वी त्याच्याजवळ थोडे बसावे. लगेच उत्तर देऊ नये. एली दाराशी बसून होता, हन्नाही तेथेच होती. अंतर फार नव्हते.